किनारा सगळ्यांचा, मग गाव कुणाचं?

सांताक्रूझ म्हटलं की आधी मुंबईतलं स्टेशन डोळ्यासमोर येतं, पण मी बोलतेय ते कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझबद्दल. सॅन होजेवरून हायवे १७ धरायचा, वळणं घेत घेत डोंगर ओलांडायचा, आणि खाली उतरलं की मॉन्टेरे बेच्या उत्तरेच्या टोकाला हे गाव लागतं. वस्ती साधारण ६३ हजार, म्हणजे शहर असलं तरी छोटंच. पण सर्फिंगच्या जगात नाव फार मोठं. स्टीमर लेनची लाट, नवशिक्यांसाठी काउल्सची लांब आणि संथ लाट, पलीकडे प्लेझर पॉइंट, मागे रेडवुडची जंगलं आणि माउंटन बाइकवाल्यांच्या ट्रेल्स, आणि वाळूला लागून १९०७ पासून चालू असलेलं बोर्डवॉक, म्हणजे राइड्सचं करमणूक उद्यान. २०१२ साली इथल्या किनाऱ्याला वर्ल्ड सर्फिंग रिझर्व्हचा दर्जा मिळाला. बे एरियातली मराठी मंडळी पाहुणे आले की हमखास जिथे घेऊन जातात त्यातलं हे एक ठिकाण.

मला या गावाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. या गावानं आपला किनारा ज्या जिद्दीनं वाचवला तशी उदाहरणं कमीच सापडतील, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण किनारा वाचवताना जी हत्यारं वापरली तीच पुढे घरं अडवायला वापरली गेली आणि आज अशी परिस्थिती आहे की त्या किनाऱ्यावर कुणीही जाऊन बसू शकतं, कायद्यानं हक्क आहे, पण तिथे सर्फिंग शिकवणाऱ्या, कॉफी देणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या माणसाला गावात राहायला जागा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की 'किनारा सगळ्यांचा' हे तत्त्व खरं मानायचं असेल तर ते वाळूपाशी थांबवून चालणार नाही, घरापर्यंत आणावं लागेल.

आधी वाचवलं काय ते बघा, कारण ते माहीत नसेल तर पुढचं भांडण कळणार नाही. १९६५ ला इथे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा कॅम्पस सुरू झाला, तरुण लोक आले, आणि त्याच सुमारास बिल्डरांचंही लक्ष या पट्ट्याकडे गेलं. लाइटहाऊस फील्ड म्हणून जी मोकळी जागा आहे, स्टीमर लेनच्या अगदी वर, तिथे हॉटेल आणि कन्व्हेन्शन सेंटर उभं राहणार होतं. गावातल्या लोकांनी ७० च्या दशकात सह्या गोळा करून, सभांना बसून, मतदान घडवून ते हाणून पाडलं आणि ती जागा स्टेट बीच झाली. पश्चिमेला वाइल्डर रँचच्या जमिनीवर हजारो घरांची वसाहत येणार होती, तिथे आज स्टेट पार्क आहे आणि समुद्राच्या कड्यावरून मैलोन्मैल चालत जाता येतं. डॅव्हेनपोर्टजवळ अणुवीज प्रकल्प व्हायचा होता, तोही झाला नाही. १९७८ ला काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मेझर जे मंजूर झाला (मेझर म्हणजे लोकांच्या मतदानाला टाकलेला स्थानिक प्रस्ताव), त्यानं वाढीचा वेग बांधला, शेतजमीन राखली. १९७९ ला शहरानं ग्रीनबेल्टचा, म्हणजे गावाभोवतीची मोकळी हिरवी जमीन राखायचा, निर्णय मतदानानं घेतला आणि पोगोनिप, अराना गल्च वगैरे जागा त्यातून पुढे वाचल्या. १९९२ ला समोरचा समुद्र मॉन्टेरे बे नॅशनल मरीन सँक्चुअरी झाला. हे सगळं आपोआप झालेलं नाही, माणसांनी आपल्या संध्याकाळी खर्च केल्या तेव्हा झालंय. आणि नुसतं या गावातच नाही, अख्ख्या राज्यात १९७२ साली लोकांनी प्रपोझिशन २०, म्हणजे राज्यभराच्या मतदानातला प्रस्ताव, मंजूर करून कोस्टल कमिशन हे किनाऱ्यावरच्या बांधकामांना परवानगी देणारं मंडळ आणलं आणि १९७६ ला कोस्टल ॲक्ट आला, ज्याचा गाभाच हा की समुद्रापर्यंत जायचा रस्ता कुणी पैसेवाला कुंपण घालून बंद करू शकत नाही. मी जेव्हा वेस्ट क्लिफवरून चालते तेव्हा मला हे जाणवतं की इथे डाव्या हाताला करोडोंची घरं आहेत आणि उजव्या हाताला समुद्र, आणि मधली वाट मात्र सगळ्यांची आहे, व्हीलचेअरवरच्या आजीची, कुत्रं घेऊन निघालेल्या मुलाची, बोर्ड काखेत मारून अनवाणी पळणाऱ्या पोरीची. हे जगात सगळीकडे नसतं.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत नॅशनल लो इन्कम हाउसिंग कोअलिशन नावाची संस्था दरवर्षी हिशोब काढते की साधं दोन बेडरूमचं घर भाड्यानं घ्यायला ताशी किती पगार पाहिजे, म्हणजे भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसायला पाहिजे या हिशोबानं. २०२३ ला अख्ख्या देशात सगळ्यात महाग निघालं ते सांताक्रूझ-वॉट्सनव्हिल, सॅन फ्रान्सिस्को नाही, न्यूयॉर्क नाही, हे. ताशी ६३.३३ डॉलर. २०२४ ला परत हेच पहिलं, आणि आकडा ७७.९६ डॉलर. दोन बेडरूमचं भाडं महिन्याला ४,०५४ डॉलर धरलेलं. त्या वर्षी कॅलिफोर्नियातलं किमान वेतन ताशी १६ डॉलर होतं, म्हणजे किमान वेतनावरच्या माणसानं जवळजवळ पाच फुल टाइम नोकऱ्या एकाच वेळी केल्या तर त्याला हे घर परवडणार. आणि हा आकडा फक्त समुद्रासमोरच्या बंगल्यांचा नाही, पूर्ण काउंटीचा आहे, त्यात वॉट्सनव्हिल पण आलं जिथे स्ट्रॉबेरीच्या शेतात राबणारी कुटुंबं राहतात, एका एका घरात दोन-दोन तीन-तीन बिऱ्हाडं.

पर्यटनावर चालणाऱ्या गावात पगार कसे असतात ते वेगळं सांगायला नको. बोर्डवॉकवर राइड चालवणारी मुलं, वार्फवरच्या हॉटेलात ताटं उचलणारे, सर्फ शॉपमधे वेटसूट वाळत घालणारे, लाइफगार्ड, आणि फक्त तेवढेच नाहीत, नर्स, बस ड्रायव्हर, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका सुद्धा. सकाळी वॉट्सनव्हिलकडून सांताक्रूझकडे येणारा हायवे १ रोज तुंबलेला असतो आणि संध्याकाळी उलट्या दिशेनं, कारण काम इथे आणि झोपायची जागा तिकडे. गंमत नाही ही, माणसाच्या दिवसातले दोन तास रोज जातात.

आणि विद्यार्थी. युनिव्हर्सिटीत वीस हजारांच्या आसपास मुलं शिकतात. २०१९ च्या डिसेंबरमधे इथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, जे शिकवायचं कामही करतात, मार्क जमा करायला नकार दिला आणि महिन्याला १,४१२ डॉलर महागाई भत्ता मागितला, कारण पगारातला अर्ध्याहून जास्त वाटा भाड्यात जात होता. २०२० ला त्यातल्या कित्येकांना कामावरून काढलं, नंतर परत घेतलं, पण प्रश्न तिथेच राहिला. मुलं गाडीत झोपतात हे इथे आता कुणाला धक्कादायक वाटत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. युनिव्हर्सिटीनं तीन हजारांच्या आसपास बेडचं हॉस्टेल बांधायचं ठरवलं २०१७ मधे, तर त्यातला छोटासा भाग एका कुरणावर येतोय म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात गेली. कुरण सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण हॉस्टेल न झाल्यानं ती मुलं अदृश्य होत नाहीत, ती गावातल्या घरांमधे एका खोलीत तिघं राहतात आणि त्या घरात एरवी जे कुटुंब राहिलं असतं ते बाहेर जातं.

इथे मला या गावाच्या सर्फिंगच्या इतिहासातली पहिली गोष्ट सांगावीशी वाटते, कारण गाव ती फार अभिमानानं सांगतं. १८८५ च्या उन्हाळ्यात हवाईचे तीन राजपुत्र, कावानानाकोआ, केलीइआहोनुई आणि कुहिओ हे तिघे भाऊ, सॅन मटेओच्या एका शाळेत शिकायला होते आणि सांताक्रूझला आले होते. सॅन लोरेन्झो नदी जिथे समुद्राला मिळते तिथे त्यांनी इथल्याच रेडवुडच्या लाकडातून कापून घेतलेल्या फळ्यांवर उभं राहून लाटा घेतल्या. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंग झाल्याची ही पहिली नोंद. म्हणजे ज्या खेळावर आज या गावाची ओळख उभी आहे तो खेळ आणला कुणी, तर बाहेरून शिकायला आलेल्या मुलांनी. थंड पाण्यात तासन्‌तास राहता यावं म्हणून वेटसूटचा धंदा ज्यांनी उभा केला ते जॅक ओ'नील सुद्धा आधी सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवायचे, मग १९५९ ला इथे आले. त्या काळात येऊन दुकान टाकणं, घर घेणं, मुलं वाढवणं शक्य होतं. आज तेवीस वर्षांचा एखादा कारागीर मुलगा सर्फबोर्ड घडवायचा छोटा धंदा टाकायला इथे आला तर तो वर्षभर टिकेल असं मला वाटत नाही.

सर्फिंगमधे एक गोष्ट असते तिला लोकलिझम म्हणतात, आणि सांताक्रूझ त्याबद्दल एकेकाळी बदनाम होतं. डोंगरापलीकडून, म्हणजे सॅन होजेच्या बाजूनं येणाऱ्यांना इथे 'व्हॅल' म्हणायचे, 'व्हॅली गो होम' असं भिंतींवर रंगवलेलं असायचं, पाण्यात शिवीगाळ, मारामारी, गाडीच्या काचेला मेण फासणं हे प्रकार व्हायचे. त्यामागचं दुखणं मला समजतं. लाट जिथे फुटते ती जागा छोटीशी असते, तिथे पाच जण असले तर मजा, पन्नास झाले तर धोका, आणि जो माणूस वर्षानुवर्षं पहाटे उठून थंडीत जातोय त्याला शनिवारी आलेल्या नवशिक्यानं लाट खराब केली की राग येणारच. पण म्हणून सर्फरांनी काय केलं, तर नियम केले. लाटेवर जो फुटणाऱ्या टोकाच्या सगळ्यात जवळ आहे, लाट त्याची. तो चालू असताना दुसऱ्यानं मधे घुसायचं नाही. आणि एकदा लाट घेऊन झाली की परत येऊन सगळ्यांच्या पुढे जाऊन बसायचं नाही, आपल्या पाळीची वाट बघायची. लाइटहाऊस पॉइंटला सर्फरांसाठी पाटीही आहे, त्यात बोर्ड सोडू नका, दुसऱ्यांना मदत करा असंही लिहिलंय. या नियमात 'तू किती वर्षं इथे येतोस' हा प्रश्न कुठेच नाही. पाळीचा हक्क असतो, जागेचा नसतो. पाण्यातला लोकलिझम चुकीचा आहे हे आज तिथले बहुतेक सर्फर स्वतःच मान्य करतात.

जमिनीवर मात्र तोच लोकलिझम फार सभ्य कपडे घालून बसलाय. तिथे कुणी काचेला मेण फासत नाही, तिथे सुनावणीला तीन मिनिटं बोलतात, पर्यावरण कायद्याखाली दावा लावतात, मजल्यांची उंची, सावली, पार्किंग, गावाचा तोंडवळा. एकेक मुद्दा सुटा घेतला तर प्रत्येकात थोडं तथ्य असतं, पण सगळ्याची बेरीज कायम एकच येते की जे आधी आले ते आत आणि बाकीचे डोंगराच्या पलीकडे किंवा वॉट्सनव्हिलच्या गराजमधे.

आणि यात आधी आलेल्यांना भाववाढीची झळ का लागत नाही त्याचं एक साधं कारण आहे. १९७८ चं प्रपोझिशन १३. घरपट्टी खरेदीच्या किमतीवर १ टक्का आणि त्यानंतर घर तुमच्याकडे असेपर्यंत मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांच्या वर वाढवायचं नाही. म्हणजे ज्यानं ७० च्या दशकात घर घेतलं त्याच्या घराची किंमत कितीही पट झाली तरी कर अजून त्याच जुन्या जमान्याचा, आणि शेजारच्या घरात कालपरवा आलेलं जोडपं त्याच्या कितीतरी पट कर भरतं. शेजारी नवी इमारत झाली नाही तर जुन्या मालकाचं नुकसान काहीच नाही, उलट घर अजून महाग होतं. मी कुणा म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढा असं म्हणत नाहीये, प्रपोझिशन १३ मुळे कितीतरी निवृत्त शिक्षक, कोळी, सुतार अजून या गावात राहू शकतायत आणि ते राहिलेच पाहिजेत. पण ज्यांना कायद्यानं एवढं संरक्षण मिळालंय त्यांनी दुसऱ्यांसाठी चार मजल्यांची इमारत तरी होऊ द्यावी, एवढं मागणं जास्त आहे का?

भाडेकरूंच्या बाजूनं गावानं काय केलं बघा. २०१८ ला भाडे नियंत्रणाचा मेझर एम मतदानाला आला, हरला, आणि चांगला दणकून हरला. २०२२ ला रिकाम्या ठेवलेल्या घरांवर वर्षाला ६,००० डॉलरपर्यंत कर लावायचा मेझर एन आला, म्हणजे ज्यांचं इथे फक्त सुट्टीचं घर आहे आणि वर्षात चार महिने सुद्धा कुणी राहत नाही त्यांच्यावर, तोही पडला. पण मग २०२४ च्या मार्चमधे परत एक मेझर एम आला, तो उलट्या दिशेचा होता, ठरलेल्या उंचीपेक्षा उंच इमारत बांधायची तर प्रत्येक वेळी मतदान घ्या म्हणणारा, आणि लोकांनी तो पण पाडला. मला या तिसऱ्या निकालात खरी आशा दिसते. गावातली बहुसंख्य माणसं दार बंद करा म्हणणारी नाहीत. शिवाय हेही सांगितलं पाहिजे की राज्यानं दिलेलं मागच्या वेळचं ७४७ घरांचं उद्दिष्ट या शहरानं पूर्ण केलं, किनाऱ्यावरच्या कितीतरी श्रीमंत गावांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता २०२३ ते २०३१ साठी आकडा ३,७३६ आहे. पाचपट. त्यामुळे खरी परीक्षा आता आहे.

विरोध करणाऱ्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा पाणी. आणि तो खोटा नाही. सांताक्रूझला बाहेरून कालव्यानं पाणी येत नाही, दक्षिण कॅलिफोर्नियासारखं दुसऱ्याच्या नदीवर जगायचं हा प्रकार इथे नाही. मुख्यतः सॅन लोरेन्झो नदी, उत्तरेकडचे ओढे आणि लॉक लोमंडचा जलाशय, पाऊस पडला नाही की संपलं. पण इथल्या लोकांनी पाणी वाचवायला शिकून दाखवलंय, माणशी वापर राज्यात सगळ्यात कमी असलेल्या शहरांमधे यांची गणना होते, आणि वस्ती वाढूनही एकूण वापर २५ वर्षांपूर्वीपेक्षा कमी झालाय. फ्लॅटमधे राहणारं कुटुंब अंगण असलेल्या बंगल्यापेक्षा खूप कमी पाणी वापरतं, लॉनच नाही तर पाणी घालणार कशाला. म्हणून पाण्याचं कारण देऊन डाउनटाउनमधल्या अपार्टमेंट अडवणं मला पटत नाही. पाण्याची खरी काळजी असेल तर अपार्टमेंटच बांधायला पाहिजेत.

गावाचा तोंडवळा बदलेल हा दुसरा मुद्दा. १७ ऑक्टोबर १९८९ ला लोमा प्रिएटाचा भूकंप झाला, ६.९ चा, केंद्र इथून जवळच जंगलात. डाउनटाउनमधल्या जुन्या विटांच्या इमारती पडल्या, माणसं गेली, दुकानं कित्येक महिने तंबूंमधे चालली, मोकळे प्लॉट वर्षानुवर्षं तसेच पडून होते. आज पॅसिफिक ॲव्हेन्यूवर जे दिसतं त्यातलं पुष्कळसं त्यानंतरचं आहे. म्हणजे ज्याला आपण गावाचा जुना चेहरा म्हणतोय तो तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी बसून ठरवून परत बांधलेला आहे. एकदा जमलं ते परत जमेल. आणि कुणीही वाइल्डर रँचवर किंवा पोगोनिपच्या जंगलात बांधा म्हणत नाहीये, मी तर कधीच म्हणणार नाही. डाउनटाउनमधली सपाट पार्किंग, एकमजली दुकानांचे प्लॉट, बसच्या रस्त्यालगतच्या जागा, तिथे बांधा.

उलट गावात न बांधल्यानं निसर्गाचं जे होतं त्याबद्दल हे लोक गप्प असतात. गावात जागा नाही म्हणून माणसं सॅन लोरेन्झो व्हॅलीत, बोल्डर क्रीक, बेन लोमंडच्या जंगलात घरं शोधतात, तिथे स्वस्त पडतं. २०२० च्या ऑगस्टमधे विजांमुळे सीझेडयू नावानं ओळखली जाणारी जंगलातली मोठी आग लागली आणि काउंटीतली ९०० हून जास्त घरं जळाली. काही माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच होती आणि आवडीनं राहत होती, पण कितीतरी लोक खाली परवडत नाही म्हणून वर गेलेले. रेडवुडच्या मधे अरुंद रस्त्यावर लाकडी घर आणि रोज गाडीनं खाली कामाला यायचं, हे पर्यावरणाला चांगलं आणि डाउनटाउनमधली पाच मजली इमारत वाईट, हा हिशोब मला कुणीतरी समजावून सांगावा.

तिसरा मुद्दा आमच्या बाजूचा, म्हणजे व्हॅलीचा. सिलिकॉन व्हॅलीतल्या पगारांमुळे इथलं भाडं फुगलं, आणि कोविडनंतर घरून काम करता यायला लागल्यावर तर अजूनच, हे खरं आहे आणि आपण मराठी इंजिनियर मंडळींनी सुद्धा ते ऐकून घेतलं पाहिजे. कूपर्टिनो, माउंटन व्ह्यू अशा शहरांनी ऑफिसं भरमसाट बांधली आणि घरं नाही बांधली, त्याचं ओझं डोंगर ओलांडून या छोट्या गावावर पडलं. म्हणून कूपर्टिनोतल्या आपल्या गल्लीत अपार्टमेंटला विरोध करणाऱ्या माणसानं सांताक्रूझच्या लोकांना शहाणपण शिकवू नये असं मला ठाम वाटतं. पण मग व्हॅलीनं बांधलं नाही म्हणून आम्हीपण बांधणार नाही, हे उत्तर नाही होऊ शकत. त्यात मरतो कोण तर वॉट्सनव्हिलचा शेतमजूर आणि गाडीत झोपणारा विद्यार्थी. ज्याच्याकडे पैसे आहेत तो इंजिनियर घर घेतोच, घरं कमी असली तरी घेतो, तेव्हा तर तोच घेतो.

गाडीत झोपण्यावरून आठवलं. शहरानं मोठ्या गाड्या, आरव्ही म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या वगैरे, रात्री १२ ते पहाटे ५ रस्त्यावर उभ्या करायच्या नाहीत असा नियम आणला. किनाऱ्याजवळच्या रहिवाशांची तक्रार होती की कचरा होतो, घाण पाणी सोडतात, आणि ती तक्रार काही ठिकाणी रास्त होती. हा नियम कोस्टल कमिशनपुढे गेला, कारण पार्किंग बंद करणं म्हणजे किनाऱ्यावर यायला अडथळा होतो का हा प्रश्न त्यांच्या अखत्यारीत येतो, आणि २०२३ ला त्यांनी तो प्रयोग म्हणून मंजूर केला. मला त्या सगळ्या चर्चेत एकच वाटत होतं, किती विचित्र अवस्था आहे, पहाटे पाचनंतर येऊन गाडी लावणाऱ्या सर्फरच्या हक्काचा विचार कायदा इतक्या बारकाईनं करतो, आणि त्याच गाडीत रात्र काढणाऱ्याला घर कुठे मिळणार हा विचार त्या कायद्यात बसतच नाही.

पण तो विचार त्या कायद्यात एकेकाळी होता. १९७६ चा मूळ कोस्टल ॲक्ट ज्यांनी लिहिला त्यांनी किनारपट्टीत कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या घरांच्या संधी जपायच्या, वाढवायच्या असं स्पष्ट लिहिलं होतं, स्वस्त मुक्कामाच्या सोयींच्या बरोबरीनंच. त्यांच्या डोक्यात हे पक्कं होतं की समुद्र सगळ्यांचा ठेवायचा तर समुद्राजवळ राहणारी माणसंही सगळ्या थरांतली पाहिजेत. आणि कमिशननं पाच वर्षं त्याप्रमाणे कामही केलं, बिल्डरांकडून परवडणारी घरं मागून घेतली. १९८१ ला विधिमंडळानं तो भाग काढून टाकला आणि घरांचा विषय स्थानिक सरकारांकडे दिला. तो कायदा ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते सिनेटर हेन्री मेलो वॉट्सनव्हिलचेच होते. कायद्यात स्वस्त घरं पाडली तर बदली घरं द्यायची तरतूद ठेवली, पण जपणं आणि वाढवणं ही राज्याची जबाबदारी होती ती गेली. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचं जे काही बिघडलं त्यात हा बदल फार महत्त्वाचा आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. स्वस्त कॅम्पग्राउंड वाचवा, वाळूवर जायचे जिने उघडे ठेवा, यावर कमिशन अजून भांडतं आणि भांडावंच, पण एका दिवसासाठी येणाऱ्याचं रक्षण आणि रोज राबणाऱ्याचं नाही, असं ते झालं.

म्हणून माझी मागणी अशी की १९८१ ला काढलेली ती जबाबदारी कायद्यात परत घालावी. यावर लगेच कुणी म्हणेल की कोस्टल कमिशनच घरं अडवतं, त्याला अजून अधिकार कशाला. ही शंका योग्य आहे, कमिशननं दाट वस्तीच्या प्रकल्पांना खोडे घातलेले आहेत. म्हणून नकार द्यायचा नवा अधिकार नकोच, फक्त कर्तव्य द्या, म्हणजे किनारपट्टीच्या हद्दीत नवं हॉटेल मंजूर करताना तिथे काम करणारे कुठे राहणार याचा हिशोब मागायचा, आणि आधीच वसलेल्या भागातली परवडणारी घरं असतील तर त्यांना उंची आणि पार्किंगच्या नावाखाली लटकवून ठेवायचं नाही. मोकळ्या जागा, कडे, कुरणं, ओढे यांचं संरक्षण आहे तसंच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही.

आणि ही मागणी सॅक्रामेंटोत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, कुणा बिल्डरांच्या संघटनेनं केली तर तिला फार अर्थ राहणार नाही, लोक म्हणतील यांना समुद्रासमोर टॉवर पाहिजेत. ती सांताक्रूझनं करावी. लाइटहाऊस फील्डसाठी ज्यांनी सह्या गोळा केल्या त्यातली पुष्कळ माणसं आज सत्तरी-ऐंशीची आहेत आणि अजून या गावात राहतात. मेझर जे आणला तेव्हा याच पिढीनं वाढीला लगाम घालतानाच नव्या घरांतली १५ टक्के घरं परवडणारी असावीत अशी अट त्यात घातली होती. वाढ रोखली गेली, पण जी घरं झालीच नाहीत त्यांचे १५ टक्के म्हणजे शून्यच झाले. राहिलेलं अर्धं काम त्यांच्याच नावावर आहे, आणि ३,७३६ घरांसाठी २०३१ पर्यंतचाच वेळ आहे.